पावती मागितली की माणसं हसतात

मागच्या दीड महिन्यात मी दोन ठिकाणी पावती मागितली. एकदा होडीत आणि एकदा कॅमेऱ्याच्या दुकानात. दोन्हीकडं माणसं हसली. होडीवाला मनमोकळं हसला, दुकानदार जरा तिरकं हसला, एवढाच काय तो फरक. पोस्ट लांब होणार आहे. वेळ असेल तर वाचा.

आधी होडीचं सांगतो. जानेवारीतला शनिवार-रविवार. आम्ही पाच दोस्त, सोबत माझी अकरा वर्षांची भाची आणि एका मित्राचा पोरगा, असे नांदेडहून निघालो. आपल्याच भागातल्या एका धरणात मधोमध टेकडी आहे. पाणी भरलं की तिचं बेट होतं. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या तिथं पंचनामा होईल, त्या गरीब नावाड्याची होडी जप्त होईल आणि बाकी सगळं आहे तसंच राहील. मला ते नकोय.

बेट म्हणजे काय, तर दहा-बारा बाभळी, खाली बुडालेल्या गावाची पडकी भिंत आणि देवळाचा चौथरा. पण रात्र काय सांगू तुम्हाला! शेकोटीत हुरडा भाजला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. थंडी अशी की तंबूत दोन-दोन गोधड्या घेऊनही दात वाजायलेत. पहाटे उठलो तर पाण्यावर चक्रवाकांची जोडी आणि पलीकडं पट्टकादंब हंसांचा थवा. हे पाखरू हिमालय ओलांडून आपल्याकडं येतं आणि आपण इथले लोक धरण बघायला महाबळेश्वरच्या पलीकडं जातो. भाची म्हणाली, "मामा, हे आपल्याच जिल्ह्यात हाय का?" या प्रश्नावर खरं तर वेगळा लेख होईल. पैठणच्या नाथसागरातल्या बेटांवर असेच हजारो पक्षी उतरतात, १९८६ सालापासून ते अभयारण्य आहे, आणि आपल्यातल्या किती जणांनी ते बघितलंय?

भरलेलं धरण बघितलं की आमच्या पिढीच्या पोटात काहीतरी हलतं. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लावलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीला दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. तेव्हा मी मांजरा धरणाच्या कोरड्या तळात उभा राहून फोटो काढले होते, भेगांमध्ये पाय घालून. ज्या कॅमेऱ्यानं काढले, तोच याही वेळी गळ्यात होता.

तो आता मेलाय. कसा मेला, तेच सांगायचंय.

जाताना होडीत आम्ही सात आणि नावाडी मिळून आठ जण होतो. माणशी तीनशे रुपये, जाऊन-येऊन. होडी मासेमारीची, मागं छोटं इंजिन बसवलेलं. मी विचारलं, "मामा, जॅकेट हायेत का?" म्हणाला, "हायेत की." खरंच होते. तीन होते आणि फळीवर बसायला मऊ लागावं म्हणून खाली अंथरलेले होते. भाचीला आणि पोराला दोन घातले तर ते गुडघ्यापर्यंत आले, मोठ्या माणसाचे होते. पावती मागितली तेव्हा तो हसला. "पावती कसली सायेब, तुम्हाला ओळखतो की मी." ओळखत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदाच भेटलो होतो.

रविवारी चार वाजता परत निघालो तेव्हा वारा सुटला होता. त्यात पलीकडच्या काठावरचे दोन जण दुधाच्या कॅना घेऊन चढले. त्यांना नाही कसं म्हणायचं, त्यांचं तर रोजचंच जाणं-येणं. दहा माणसं, चार कॅना, आमचे तंबू, भांडी. अर्ध्यात आल्यावर डाव्या बाजूनं लाट आत आली. मग दुसरी. नावाडी ओरडला, "हलू नका, कुणी उभं राहू नका." भाचीनं माझा दंड असा धरला होता की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. मला पोहता येतं, पण तिला घेऊन त्या गार पाण्यात किती पोहता आलं असतं, हा हिशोब मी त्या पाच मिनिटांत दहादा केला आणि दहाही वेळा तो जमला नाही. लागलो काठाला. कॅमेऱ्याची बॅग होडीच्या तळाशी, वीतभर पाण्यात होती.

घरी बहिणीला हे पूर्ण सांगितलेलं नाही. ती आता इथंच वाचेल.

काठावर उभं राहून एकच गोष्ट डोक्यात आली. होडी उलटली असती तर आत किती जण होते हे कुणाला माहीत होतं? ना वही, ना नाव, ना पावती. ते दोन दूधवाले तर कुणाच्याच मोजणीत नव्हते. २१ मे २०२४ ची उजनीची गोष्ट आठवा. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली होडी संध्याकाळच्या वादळात उलटली. सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, म्हणून बातमी तरी कळली. बाकीच्या सहा जणांना शोधायला एनडीआरएफ बोलवावी लागली आणि सहाही गेले. त्यात लहान लेकरं होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा कुठं त्या बोटींवर जॅकेट घालण्याची सक्ती झाली. तिथं कॅमेरे होते, चॅनेल होते. आपल्या धरणावर कोण येणार?

असं नाही की कायदा नाही. अंतर्देशीय जलयानांचा २०२१ चा नवा कायदा आहे. इंजिनाच्या होडीची नोंदणी, तपासणी, जीव वाचवायची साधनं, सगळं त्यात आहे. पण धरण जलसंपदाचं, मासेमारीचा ठेका संस्थेचा, पर्यटक कुणाचेच नाहीत. कुणी मेलं की महिनाभर होड्या बंद होतात, पोळीभाजी बंद होते ती नावाड्याची, आणि पाऊस पडला की सगळे विसरतात. माझी मागणी साधी आहे. बंदी घालू नका. बारा जॅकेट द्या, त्यातली चार लेकरांच्या मापाची. एक वही द्या, एक पावतीपुस्तक द्या, होडीत किती माणसं बसतील तो आकडा रंगानं बाहेर लिहा. एवढ्याला एखाद्या स्वागत कमानीच्या रंगाइतकाही खर्च येणार नाही.

आता दुकान.

कॅमेरा चार दिवस तांदळात ठेवला (हे करू नका, काही उपयोग होत नाही, उलट धूळ आत जाते). दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला आणि हात जोडले. नवा घेणं भाग होतं. माझं पोट बातमीवर आणि चार लग्नांच्या फोटोंवर चालतं, मोबाईलवर भागत नाही. आधी नांदेडात फिरलो. एका दुकानाच्या जाहिरातीत किंमत होती त्रेपन्न हजार. गेल्यावर कळलं ती नुसत्या बॉडीची. लेन्ससकट अडुसष्ट. बरं, ठीक. "माझ्या जुन्या दोन लेन्स यावर चालतील का?" पोरगा म्हणाला, "अडॅप्टर लावला की समदं चालतंय सर." चालत नाही. माझ्या एका लेन्सला स्वतःची मोटर नाही, जुन्या कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर तिला फिरवायची. नव्या मिररलेस बॉडीत ती मोटरच नाही, म्हणजे फोकस हातानं फिरवत बसा. वरमाला गळ्यात पडेपर्यंत माझा फोकस सापडायचा नाही. त्या पोराला हे माहीत नव्हतं, त्याचा राग नाही. माहीत नाही असं म्हणाला असता तर मी तिथंच घेतला असता.

मग लातूरला गेलो, दुसऱ्या कामानं जाणं होतंच. तिथं मालक स्वतः बसले होते, माणूस बोलायला गोड, चहा पाजला. डबा आणला. सील कापलेलं. "चेक करून ठेवतो आम्ही." मी बॅटरी घालून एक फोटो काढला. नव्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो एक नंबरपासून सुरू होतो. इथं नंबर आला दोन हजार चारशे आणि काहीतरी. मी काही बोललो नाही, नुसतं स्क्रीन त्यांच्याकडं फिरवलं. "डेमो पीस आला वाटतं चुकून," म्हणाले आणि दुसरा डबा आणला. या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, एमआरपीचा स्टिकर नाही, तक्रारीचा फोन नंबर नाही. बाहेर देशातून आलेल्या प्रत्येक डब्यावर हे छापलेलं असावं लागतं, वजनमापाच्या नियमात आहे. ते नसेल तर समजा माल मागच्या दारानं आलाय आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्याला हात लावेलच असं नाही. आणि ते सेंटर तरी कुठं? आपल्याला पुणे नाहीतर हैदराबाद.

शेवटी त्यांनी खरं सांगितलं. बिलावर अडुसष्ट, विदाउट बिल चौसष्ट. "तुम्ही प्रेसवाले, घरचेच. बिल घेऊन काय करणार?" आणि हसले.

हिशोब करून बघा. अडुसष्ट हजारात अठरा टक्क्यांनी जीएसटी होतो दहा हजार तीनशेच्या पुढं. मला मिळणार चार हजार. मधले सहा हजार कुणाच्या खिशात जातात? आणि त्या चार हजारांच्या बदल्यात मी काय काय सोडतोय ते बघा. वॉरंटी सोडली, विमा सोडला, चोरीला गेला तर पोलिसांत माझा म्हणून दाखवायचा कागद सोडला. दोनशे रुपयांच्या वरच्या खरेदीचं बिल देणं नोंदणी असलेल्या दुकानदारावर बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही जी पाटी आपण लहानपणापासून बघत आलोय, सदोष मालाच्या बाबतीत तिला या कायद्यापुढं काही अर्थ नाही. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लातूरला घेतला असता तरी मी नांदेडात तक्रार केली असती. पण आयोगासमोर पहिला प्रश्न असतो, बिल कुठंय?

आता माझं पाप. मेलेला कॅमेरा मी २०११ ला विदाउट बिलच घेतला होता. तीन हजार वाचले म्हणून दोस्तांना चहा पाजला होता. आठ महिन्यांत शटर अडकलं, सर्व्हिस सेंटरनं हात वर केले, साडेपाच हजार गेले. तेव्हा मी दुकानदाराला शिव्या दिल्या, स्वतःला नाही. आपल्याकडं बिल मागणारा माणूस कटकट्या ठरतो, सोयरिकीत पत्रिका नाही तर रेशनकार्ड मागितल्यासारखं वाटतं समोरच्याला. दुकानदाराचीही बाजू आहे. ऑनलाइनवाले ज्या भावात विकतात त्या भावात त्याला वरून मालच मिळत नाही. त्याची अडचण मला कळते. पण तिचा बोजा त्यानं माझ्या वॉरंटीवर टाकावा, हे कळत नाही.

कुणी विचारेल, पत्रकार आहेस, पेपरात कामून लिहीत नाहीस? लिहिलं होतं. सातशे शब्द. परत आलं. दिवाळीला पान-पानभर जाहिराती कुणाच्या असतात ते तुम्ही सगळे बघता, मी नाव कशाला घेऊ. होडीची बातमी मात्र लागली, आतल्या पानावर, "पर्यटकांची गर्दी वाढली" या मथळ्याखाली. म्हणून इथं लिहायलोय.

पुढं काय केलं ते सांगतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, बिनबिलाच्या विक्रीची आणि डब्याची माहिती दिली, तक्रार क्रमांक मिळालाय. पुढचं कळलं की लिहीन. धरणाच्या बाबतीत जलसंपदाच्या कार्यालयात आणि तहसीलला अर्ज दिलाय. तहसीलच्या टेबलावरच्या भाऊंनी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, "बरं, बघू." मी म्हणालो, पोहोच द्या. तेही हसले, पण शिक्का मारून दिला.

परवा त्या नावाड्याला फोन केला. त्यानं स्वतःच्या पैशानं दोन लहान जॅकेट आणलेत, एकाचा रंग पोपटी आहे म्हणून सांगत होता. वही ठेवा म्हणालो तर म्हणाला, "लिहिता येत नाही सायेब, पोराला सांगतो." भाचीला परत तिथं जायचंय. कॅमेरा अजून घेतलेला नाही. एका फोटोग्राफर दोस्ताचा उसना आणलाय, लग्नाची तारीख जवळ आली की त्याला परत द्यावा लागतो. नांदेड-लातूरात पक्कं बिल, सीलबंद डबा आणि आयातदाराचा स्टिकर असा माल देणारं दुकान तुम्हाला माहीत असेल तर मला मेसेज करा. अडुसष्ट देतो.