विश्लेषण : दातांच्या एक्स-रेवेळी शिशाचा ॲप्रन अनावश्यक का?

अमेरिकेत दातांचा एक्स-रे अनेकदा डेंटल हायजिनिस्ट काढतात. त्याआधी रुग्णाला शिशाचा ॲप्रन आणि गळ्याभोवती थायरॉईड कॉलर घालण्याची जुनी पद्धत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने गर्भवतींसह सर्वांसाठीच हे थांबवण्याची शिफारस केली.

कारण काय?

डिजिटल यंत्रांना कमी किरणोत्सर्ग पुरतो. किरणांचा झोतही हव्या तेवढ्याच भागापुरता मर्यादित ठेवता येतो. उलट, कॉलर झोताच्या आड आल्यास एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. म्हणजे किरणोत्सर्ग वाढतोच.

अडचण कुठे?

राज्यांच्या नियमांत ॲप्रनची सक्ती असल्यास ती शिफारशीने संपत नाही. शिवाय ॲप्रन दिला नाही, तर रुग्णाला निष्काळजीपणा वाटू शकतो. गरज असेल तरच एक्स-रे काढणे हीच खरी सुरक्षा, हे हायजिनिस्टना खुर्चीजवळच पटवून द्यावे लागेल.