दरोडेखोर कोणी ठरविले?

मोरिवली ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच्या वाटांचा इतिहास सरकारी दप्तरांत दरोड्यांचा इतिहास म्हणून नोंदला गेला. परंतु दप्तर लिहिणारा कोण होता, हे आधी पाहिले पाहिजे.

कोकणातून घाटावर जाणाऱ्या वाटांची व गडांची राखण महादेव कोळी करीत. १८१८ नंतर इंग्रजांनी गडांवरील शिबंदी मोडली. राखणदार बेकार झाले. सावकारांनी त्यांच्या जमिनी गिळल्या. राघोजी भांगरे बंड करून उठले, तेव्हा सरकारने त्यांना दरोडेखोर ठरवून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. वाट राखणाऱ्यांचेच वंशज वाटमारे ठरले!

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली मुंबई इलाख्यासही लागू झाला. माणसाची पारख जन्मावरून करणारे चातुर्वर्ण्यच इंग्रजी कायद्याच्या वेषात अवतरले. १९४५ साली डहाणू-तलासरीकडील वारल्यांनी वेठ नाकारली, तर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १९५२ साली तो कायदा गेला; वृत्ती मात्र गेली नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांतून विमुक्तांवरील जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का पुसण्यास सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल यावा लागला.

केवळ चौक्या वाढवून वाटा निर्भय होत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याचा दाखला, पुरी मजुरी आणि माणूस म्हणून मान ज्याच्या पदरी पडेल, तोच वाटेचा खरा राखणदार होईल. शासनाने आदिवासी पाड्यावर बंदुकीआधी हे हक्क पोचवावेत.