चाक ओरडू लागले की गाडी उभी करा

बैलगाडीच्या कण्याला वंगण घातल्यावाचून लांबच्या गावाला कोणी गाडी जुंपत नसे. वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेलेच असे आणि चाक कुरकुरू लागले की मागे बसलेले पोरदेखील सांगे, ‘आबा, चाक कोरडं झालंय.’ आता पुष्कळ घरांच्या अंगणात पिकअप उभी असते. तिचेही चाक कण्यावरच फिरते आणि तिलाही वंगण लागते. फरक एवढाच की ते टोपणाआड झाकलेले असते, म्हणून कोणाला त्याची आठवण राहत नाही. मग एका रात्री भरल्या गाडीचे बेरिंग वाटेत जाते आणि मालक म्हणतो, ‘अहो, अचानक गेले!’

बेरिंग अचानक जाते असे फार थोड्या वेळा घडते. आठ-पंधरा दिवस आधीपासून ते बोलत असते. आपण केबिनमध्ये गाणी लावून बसतो, म्हणून ते ऐकू येत नाही.

पिकअपच्या पुढच्या चाकात बहुधा दोन बेरिंगे असतात, एक आतले आणि एक बाहेरचे. त्यांतले रोलर एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला बारीक, म्हणजे निमुळते असतात. हेन्री टिमकेन या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनविणाऱ्या कारागिराने १८९८ साली या जातीच्या बेरिंगाचे पेटंट घेतले. निमुळत्या रोलरचा गुण असा की वरून येणारे ओझे ते पेलतातच, शिवाय वळणावर चाकाला बाजूने बसणारा रेटाही पेलतात. सगळे ओझे या बोटभर रोलरांवर आणि त्यांच्याभोवतीच्या ग्रीसच्या पातळ थरावर असते. तो थर गेला की लोखंडावर लोखंड घासते. रोलर धरून ठेवणारी जाळी तुटते, रोलर विखुरतात, हब लालबुंद होतो आणि शेवटी चाक हबासकट निसटते. बैलगाडीचे चाक निसटले तर गाडी बसते. पन्नासच्या वेगातल्या पिकअपचे निसटले तर काय होईल ते सांगायला नको.

पहिली खूण आवाजाची. वेग वाढला की घरघर वाढते, कमी झाला की कमी होते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रल करून पाहावी. इंजिन मंदावूनही घरघर तशीच राहिली, तर दोष चाकांकडे आहे. टायर वेडावाकडा झिजला असला तरी घरघर येते, पण डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर टायरचा आवाज पालटतो, बेरिंगाचा बहुतेक तसाच राहतो. उजव्या वळणावर ओझे डाव्या चाकांवर जाते. तेव्हा आवाज चढला तर डाव्या बाजूचे बेरिंग पाहावे. डाव्या वळणावर चढला तर उजव्या बाजूचे.

दुसरी खूण ब्रेकची. डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत चाक डुलू लागले की पॅड मागे ढकलले जातात आणि पहिल्या दाबाला पॅडल खोल जाते. पुष्कळ जण ब्रेकचे तेल भरून घेतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

तिसरी खूण उष्णतेची, आणि येथे जरा विचाराने वागावे लागते. ओतूर, आळेफाट्याकडून टोमॅटो, मेथी घेऊन माळशेज घाटाने मुरबाड-कल्याणकडे जाणाऱ्यांना हा अनुभव असेल. उतारावर ओझे पुढच्या चाकांवर येते आणि सारखा ब्रेक लागतो, त्यामुळे घाट उतरल्यावर पुढची दोन्ही चाके तापलेली असतातच. ती सारखीच तापली असतील तर ब्रेकची ऊब समजावी. एकच चाक जास्त तापले असेल तर त्या चाकात काही तरी बिघडले आहे, ब्रेक धरला आहे किंवा बेरिंग गेले आहे. हबाला बोट लावू नये. तळहात वीतभर लांब धरला तरी कळते.

आता मुख्य गोष्ट. रात्रीचे दोन वाजलेत, गाडीत वीस-वीस किलोचे साठ क्रेट आहेत, बाजार पहाटे उघडायचा आहे, आणि चाकातून घरघर जाऊन खडखड सुरू झाली आहे. स्टिअरिंग थरथरते आहे, जळक्या ग्रीसचा वास येतो आहे. अशा वेळी दहांतले आठ मालक म्हणतात, ‘हळूहळू घे, कल्याण गाठू. माल उतरला की बघू.’ माझे स्पष्ट मत आहे की खडखड सुरू झाल्यावर हळू जाण्याला काही अर्थ नाही. बेरिंग फुटलेले असते, वेग कमी केल्याने ते जुळत नाही. साठ क्रेट दुसऱ्या गाडीत चढवायला दोन माणसांना अर्धा-पाऊण तास लागतो. भाव थोडा पडेल, दुसऱ्या गाडीचे भाडे जाईल. पण पुढे रेटले तर बेरिंगाबरोबर हब आणि स्टब अ‍ॅक्सलही जातो, आणि तो खर्च क्रेटच्या भावात बसत नाही.

म्हणून गाडी डाव्या कडेला, शक्य तितकी रस्त्याबाहेर घ्यावी. इंडिकेटर चालू ठेवावेत, त्रिकोणी रिफ्लेक्टर बराच मागे ठेवावा, इतर चाकांना दगड लावावेत. तापलेल्या हबावर पाणी ओतू नये, लोखंड तडकते. ग्रीसने पेट घेतलाच तर माती टाकावी आणि टायरपासून लांब उभे राहावे. मालवाहू गाडीत माणसे भरणे कायद्याला मान्य नाही हे सर्वांना ठाऊक आहे, आणि खुरपणीच्या बाया व लग्नाचे वऱ्हाड त्याच गाडीतून जाते हेही सर्वांना ठाऊक आहे. कोणी मागे बसले असेल तर आधी त्यांना उतरवा, माल नंतर.

घरी तपासायचे असेल तर रिकामी गाडी सपाट जागी घेऊन चाक जॅकवर उचलावे. टायर वर-खाली दोन हातांनी धरून हलवावा. खेळ जाणवला तर घरातल्या कोणाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेरिंगाचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन पाहावी.

दुरुस्तीच्या वेळी मालकाने मेस्त्रीजवळ उभे राहावे. आतले व बाहेरचे अशी दोन्ही बेरिंगे त्यांच्या वाट्यांसकट बदलावीत, जुन्या वाटीत नवे बेरिंग बसवू नये. ऑइल सील आणि स्प्लिट पिन नवीन घालावी. नकली माल पुष्कळ येतो, म्हणून जुन्या बेरिंगावरचा नंबर दुकानात दाखवून पक्क्या बिलावर घ्यावे. स्टब अ‍ॅक्सल निळा पडला असेल तर तो बदलणेच बरे. वाटी सैल बसते म्हणून हबात पंचाने ठसे मारून काम भागवणारे मेस्त्री भेटतात. ते काम चार दिवसांचे. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या आत दाबून भरावे, नुसते वरून थापू नये, आणि दोन जातींचे ग्रीस मिसळू नये. नट आवळताना चाक फिरवत राहावे, मग नट थोडा सैल करून खेळ जाणवणार नाही आणि चाक मोकळे फिरेल इतपतच ठेवावा. फार आवळलेले बेरिंग सैल बेरिंगापेक्षा लवकर जळते. नव्या काही गाड्यांत बंद बेरिंग असते. तेथे ही खटपट नाही, ते अख्खेच बदलायचे आणि कंपनीने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळायचे. शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा ऊब आणि खेळ पाहून घ्यावा.

हे सगळे होते कशाने? जास्त ओझ्याने होते, पण आपल्याकडे पाण्याने फार होते. धावून तापलेला हब फरशी पुलावरच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. वॉशिंग सेंटरवर जोराचा फवारा थेट चाकाच्या मधोमध धरला तरी तेच. पाणी मिसळलेले ग्रीस दुधाळ दिसते. खंडेनवमीला आपण गाडीला हार घालतो. त्याच्या आधल्या आठवड्यात चाके काढून हे ग्रीस पाहून घ्यावे. उसाच्या ट्रॉलीची चाकेही त्याच वेळी उघडावीत, कारण कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर ट्रॉली चार महिने रिकामी मिळत नाही.