हुकूम सरकारचा, भार कोणाच्या चुलीवर?

सरकारच्या अंदाजपत्रकाशी आपला संबंध काय, असे आपल्यातील पुष्कळ बंधुभगिनी मानतात. ही समजूत जितक्या लवकर टाकाल तितके बरे. प्रत्येक सरकारी हुकुमाचा खर्च कोणाला तरी सोसावाच लागतो. तिजोरीने तो सोसला नाही, तर तो गरिबाच्या चुलीवर येऊन पडतो.

हा इतिहास आपल्या घरचाच आहे. महारकी वतन म्हणजे सरकारी चाकरी. साऱ्याच्या वसुलीला रयतेस बोलावून आणावे, सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री गावोगाव धावावे. काम सरकारचे; मोबदला मात्र तुटपुंजी वतनी जमीन आणि गावकऱ्यांच्या मर्जीवरचे बलुते! गावाची मर्जी फिरली की बलुते बंद होई, चाकरी मात्र सुटत नसे. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरवून ती साऱ्याबरोबर वसूल व्हावी, अशी सोय त्यात होती. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. परंतु बिनपैशाचा हुकूम काढण्याची सरकारी खोड गेली काय?

१९५६ नंतर ज्यांनी हीन कामे टाकली, त्यांचे बलुते गेले आणि जमीनदाराच्या रोजावाचून गावात दुसरा आधार उरला नाही. अशा घरांना रोजगार हमीचे मोल वेगळे सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ च्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, काम मागणे हा ग्रामीण प्रौढांचा हक्क ठरला. या कायद्यामागे पैसाही होता. शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर १९७५ च्या कायद्याने कर बसला आणि तितकीच भर सरकारने घालावी असे ठरले.

‘हा पैसा वाया जातो’ असे म्हणणारांना आमचा सवाल आहे: मजुराच्या हाती आलेला रुपया जातो कोठे? तो गावच्या दुकानात ज्वारी, तेल, मीठ यांवर खर्च होतो. बांध, तळी, रस्ते गावातच राहतात. शिवाय सरकारी काम जवळ असले म्हणजे जमीनदारालाही रोज देताना विचार करावा लागतो. खरी पोटदुखी येथेच आहे!

१९८८ साली या कामावरील मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. ते न्याय्यच होते. परंतु मागेल त्या सर्वांना नव्या दराने काम पुरेल इतका पैसा सरकारने सोडला नाही. कामे आटली आणि मागणाऱ्यांना परतावे लागले. काही शहाण्यांनी दोष वाढीव मजुरीला दिला. आम्ही म्हणतो, दोष हात आखडणाऱ्या तिजोरीचा. हमी कायद्यात लिहावयाची आणि अंदाजपत्रकात पुसावयाची, ही शुद्ध फसवणूक होय.

मजुरी लांबवणे हेही त्याच जातीचे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत मजुरी देण्याचे बंधन घातले. तरीही ती महिनोन्‌महिने रखडल्याची ओरड होतच राहिली. रखडलेली मजुरी म्हणजे गरिबाने सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज. आणि ते देण्यासाठी तो स्वतः सावकाराकडून व्याजाने काढतो!

तेव्हा बंधुभगिनींनो, काम तोंडी मागू नका. अर्ज लेखी द्या व तारखेची पोच घ्या. ग्रामसभेत विचारा: मंजूर किती, खर्च किती, मजुरीवर किती? भगिनींनी या कामी पुढे असावे, कारण चुलीचा हिशोब त्यांच्याइतका कोणास ठाऊक नाही. नव्या योजनेचा गाजावाजा ऐकाल तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी एकच प्रश्न करा: पैसा कोठे आहे? मर्जीवरचे बलुते आपण नाकारले ते मर्जीवरची मजुरी स्वीकारण्यासाठी नव्हे.