निखाऱ्यावरची सागुती



भुईमूग भरायला लागला की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वावर उलथून टाकतो. त्या रागात कुठे एखादे डुक्कर पडते, वाटे होतात, सागुती घरोघर जाते. परवानगीवाचून ते मारणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, एवढे सांगून ठेवतो. आज बोलायचे आहे ते ताटातल्या मांसाविषयी.

एका वस्तीवर राखणीची मंडळी निखाऱ्यावर तुकडे भाजत बसली होती. बाहेरून करपलेले, आतून तांबूस. एकजण म्हणाला, "साहेब, जाळात किडा राहतो व्हय?" राहतो! वरचा थर जळतो, आतला कच्चाच राहतो.

या किड्याचे नाव ट्रायकिनेला. 1835 साली लंडनमध्ये जेम्स पॅजेट नावाच्या विद्यार्थ्याला तो प्रेताच्या स्नायूंत दिसला. रानडुक्कर उंदीर, मढे, काहीही खाते, त्यातून त्याला लागण होते. अळी मांसाच्या धाग्यांत वेटोळे करून बसते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मांस ताजे, लालबुंद असले म्हणून ते निर्दोष समजू नका. मीठ-हळद लावून वाळवले किंवा धुरावर धरले तरी अळी मरेलच असे नाही.

पोटात गेल्यावर आधी जुलाब, पोटदुखी. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पापण्यांना सूज, अंग असे दुखते की टोपलेही उचलवत नाही. आपण म्हणतो, कामाचा शीण आहे. अशा वेळी दवाखान्यात गेलात तर रानडुक्कर खाल्ले होते हे स्पष्ट सांगा. केस होईल या भीतीने लोक तेवढेच लपवतात, आणि डॉक्टर बिचारा साध्या तापाचे औषध देत राहतो. आजार वेळेत ओळखला तर त्यावर औषध आहे. बरोबर जेवलेल्यांनाही कळवा.

वहिनी, मांसाचे तुकडे लहान करा. रस्सा खदखदू द्या, हाडाजवळचा लालसरपणा पूर्ण जाईपर्यंत उतरवू नका. मीठ पाहायला कच्चा तुकडा जिभेवर ठेवायची सवय सोडा. ज्या विळीवर मांस चिरले, तिच्यावर न धुता कांदा चिरू नका.

आतडी, काळीज कुत्र्यापुढे फेकणे तर मुळीच नको. काळजातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात पडतात, आणि मग तशाच गाठी तिथे खेळणाऱ्या पोराच्या यकृतात वाढतात. हे सारे खोल खड्ड्यात पुरा, वर दगड ठेवा.