धर्म बौद्ध, मग जात कोणती? जनगणनेआधी समाजशास्त्राला विचारू या

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत जातनिहाय मोजणी करण्याचा निर्णय घेतला. १६ जून २०२५ रोजी जनगणनेची अधिसूचना निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला. १९३१ नंतर प्रथमच नियमित जनगणनेतून सगळ्या जातींचे आकडे मिळणार आहेत. तेव्हापासून अहेरी, आलापल्ली, नागेपल्ली या भागात विहारातल्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: "आपण बौद्ध आहोत, मग जातीच्या रकान्यात काय सांगायचं?"

यावर दोन उत्तरे ऐकू येतात. ज्येष्ठ उपासक म्हणतात, बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला जातीतून बाहेर काढले, आता तेच नाव पुन्हा तोंडाने का घ्यायचे? तरुण म्हणतात, नाव नाही सांगितले तर शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांचा हिशेब कोण मांडणार? दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. पण वाद भावनेवर अडकतो आणि बैठक संपते.

आमच्या मते हा प्रश्न मुळात समाजशास्त्राचा आहे. नेट-सेटच्या तयारीत आपली मुले कार्यवाद, संघर्षवाद, आंतरक्रियावाद अशी नावे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. वास्तविक 'जात म्हणजे काय?' या प्रश्नाचे यातला प्रत्येक सिद्धांत वेगळे उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरच रकान्यात काय सांगायचे हे ठरते.

आकडा कुठे गळतो?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५.३१ लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातींमध्ये मोजले गेले सुमारे ५२ लाख. म्हणजे जवळपास १३ लाख बौद्ध अनुसूचित जातींच्या आकड्याबाहेर राहिले. त्यांतले काही इतर समाजांतून धम्मात आलेले असतील. पण एक कारण सरळ आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि 'बौद्ध' हे नाव त्या यादीत नाही, कारण तो धर्म आहे. जातीच्या प्रश्नालाही 'बौद्ध' एवढेच उत्तर दिले, तर ती व्यक्ती अनुसूचित जातीत मोजली जात नाही. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या 'धर्म बौद्ध आणि जात यादीतली' अशा दुहेरी ओळखीवर. लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा आणि अनुसूचित जातींसाठीच्या योजनांचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो. गळलेला माणूस तिथेही गळतो.

१९१६ ची दोन लेखने

१९१६ साली लंडनहून चार खंडांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला: रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा ग्रंथ. त्या काळी आपला चांदा जिल्हा आणि त्यातली अहेरीची जमीनदारी मध्य प्रांतात होती. गोंड, माडिया, महार, सगळ्यांच्या चालीरीती, देव, लग्नविधी, धंदे त्यात नोंदले आहेत. माहिती भरपूर आहे, पण प्रत्येक जात म्हणजे जणू झाडाची वेगळी प्रजाती, अशी ती मांडणी आहे. कोण काय खातो, कोण कोणाला पुजतो हे त्यात कळते. ही भिंत कोणी उभी केली आणि ती अजून का टिकली, याचे उत्तर त्या पद्धतीत मिळत नाही.

त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. रिस्ले, नेसफील्ड, सेनार्त आणि आपल्याकडचे श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या तपासून त्यांनी दाखवले की जातीचा गाभा एकच आहे, तो म्हणजे जातीअंतर्गत विवाह. हे कुंपण टिकवायचे तर स्त्रीवर बंधन घालावे लागते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांची संगती त्यांनी तिथे लावली. जातीचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न एकच आहे, हे समाजशास्त्राच्या वर्गांत पुढे अनेक दशकांनी शिकवले जाऊ लागले. शर्मिला रेगे यांनी बाबासाहेबांचे हे लेखन स्त्रीवादी अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले.

सिद्धांत आणि आपला प्रश्न

आता इतर दृष्टिकोनांकडे वळू.

कार्यवाद म्हणतो, समाज शरीरासारखा आहे आणि प्रत्येक अवयवाला काम आहे. गावगाड्याकडे असे पाहिले की कोतवालकी, मेलेली जनावरे ओढणे, वेठ हे सगळे 'परस्परसेवा' ठरते. सेवा कोणी ठरवली आणि नकार देण्याची मुभा कोणाला होती, हा प्रश्नच उरत नाही.

एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ च्या कूर्गवरील ग्रंथातून संस्कृतीकरणाची कल्पना मांडली: खालची जात वरच्या जातीचे अनुकरण करून वर सरकते. चारच वर्षांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला चांद्याला लाखो लोकांनी अनुकरण न करता ती शिडीच नाकारली. त्या कल्पनेत हे बसत नाही. आपल्या आजी-आजोबांनी केले ते समजायला वेगळा सिद्धांत लागतो, आणि तो १९१६ च्या निबंधात व १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात आहे.

संघर्षवाद विचारतो, जमीन कोणाची, जंगल कोणाचे, खाण कोणाची? आज सुरजागडच्या लोहखनिजामुळे दक्षिण गडचिरोली झपाट्याने बदलते आहे. रोजगार कोणत्या समाजाला, कोणत्या दर्जाचा मिळतो, हे जातनिहाय आकड्यांशिवाय सांगता येणार नाही. पण नुसता वर्ग पाहून भागत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितले होते की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. एकाच ट्रकवर काम करणारे दोन मजूर संध्याकाळी वेगवेगळ्या वस्तीत का परततात, याचे उत्तर मजुरीच्या पावतीवर नसते.

आंतरक्रियावाद माणसामाणसांतल्या रोजच्या व्यवहाराकडे बघतो. आर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये 'कलंक' या विषयावर लिहिले: समाजाने डाग मानलेली ओळख माणूस कशी झाकतो, कशी सांभाळतो. शहरात खोली शोधताना आडनाव अर्धवट सांगणारा आपला विद्यार्थी हेच करत असतो. प्रगणकासमोर जातीचे नाव घेताना वाटणारा संकोच याच प्रकारचा आहे. तो व्यवस्थेने दिलेला आहे, त्याबद्दल कोणाला दोष देऊ नये.

एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये 'सामाजिक तथ्य' ही कल्पना मांडली: जे व्यक्तीच्या बाहेर असते आणि तिच्यावर दाब टाकते. ज्येष्ठ उपासकांच्या प्रश्नाला आमच्या मते इथे उत्तर मिळते. मी जात मानत नाही, हे माझ्याबद्दलचे सत्य आहे. समाज मला जातीने वागवतो, हे समाजाबद्दलचे सत्य आहे. धर्माचा रकाना पहिले सत्य विचारतो, जातीचा रकाना दुसरे. दोन्हींची उत्तरे वेगळी असली म्हणून खोटी ठरत नाहीत.

मोजणी नुसती मोजत नाही

एक सावधगिरी मात्र हवी. बर्नार्ड कोन आणि निकोलस डर्क्स यांनी दाखवले की इंग्रजांच्या जनगणनेने जाती नुसत्या मोजल्या नाहीत, त्या घट्टही केल्या. १९०१ च्या जनगणनेत रिस्ले यांनी जातींना सामाजिक श्रेष्ठतेच्या क्रमाने लावले आणि देशभर वरचा क्रमांक मागणारे अर्ज सुरू झाले. रकाना हे सत्तेचे हत्यार असते.

आपल्या भागात याचे पुरावे शोधायला लांब जावे लागत नाही. चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत वसवलेले बंगाली नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात नाहीत. माणसे तीच, फक्त यादी बदलली. 'गोंड गोवारी' या नोंदीच्या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. यादीतल्या एका शब्दाची किंमत एवढी असते.

शिवाय नोंद नीट झाली नाही तर आकडा निरुपयोगी होतो. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत ४६ लाखांहून अधिक जातिनावे आली, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. १९३१ मध्ये ही संख्या ४,१४७ होती. आडनाव, पोटजात, गोत्र, बोलीतला उच्चार, सगळे वेगवेगळे लिहिले गेले की असे होते.

आदिवासी बांधवांच्या रकान्याबद्दल

१९४३ मध्ये गोविंद सदाशिव घुर्ये यांनी आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटले. तो सिद्धांत आजही धर्माच्या रकान्यावरून आदिवासींच्या डोक्यावर बसलेला आहे. गोंड, माडिया समाज आपल्या पेनांना, आपल्या कोया परंपरेला कोणते नाव देतो, हे तो समाज ठरवेल. आपण बौद्ध कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन दुसरे घुर्ये होऊ नये. त्यांनी सांगितलेलेच लिहिले जाते आहे का, एवढे पाहायला मदत करावी. भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांवर प्रगणकाला माडिया येत नसेल, तर सोबत माडिया बोलणारे कोणीतरी असावे, असा आग्रह ग्रामसभेने धरावा.

मग काय करायचे?

आमचे म्हणणे असे: धर्म 'बौद्ध' सांगावा, आणि आपली जात अनुसूचित जातींच्या यादीत असेल तर ती यादीत आहे त्याच नावाने सांगावी, आडनाव किंवा पोटजात नको. प्रगणकाने काय लिहिले ते समोरच वाचून घ्यावे. घरात मोठे माणूस नसताना लेकराकडून नोंद करून देऊ नये. जनगणना कायदा, १९४८ नुसार वैयक्तिक माहिती गोपनीय असते, त्यामुळे शेजारी काय म्हणतील ही भीती बाळगू नये. प्रत्येक विहाराने दोन-तीन शिकलेल्या तरुण-तरुणींवर वस्ती वाटून द्यावी आणि मोजणीपूर्वी घरोघरी हे समजावून सांगावे.

जातीचे नाव सांगितल्याने जात टिकत नाही. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये दाखवलेले कुंपण टिकले तर ती टिकते. म्हणून ज्या बैठकीत रकान्याची चर्चा होईल, त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न विचारावा: आपल्या वस्तीत गेल्या दहा वर्षांत जातीबाहेर किती लग्ने झाली, आणि ती करणाऱ्या मुलींच्या पाठीशी आपण उभे राहिलो का? ती मोजणी सरकार करणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.

जय भीम.