परमुलखातील सूर्यास्त

दीपावलीचे वहीपूजन झाले, भाऊबीज पार पडली, की व्यापारी घरांना वर्षातून एकदा मिळणारी मोकळीक मिळते. त्या दिवसांत तीर्थयात्रेला निघण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. अलीकडे तिच्या जोडीला शेजारच्या देशांचा प्रवास आला असून स्वतःच्या गाडीने नेपाळ आणि भूतान पाहून येणारी कुटुंबे आता बरीच दिसतात. रस्ते, हॉटेले, प्रेक्षणीय स्थळे यांची माहिती हवी तेवढी मिळते. व्रतस्थ घराला लागणारी एक साधी माहिती मात्र सहसा कोणी देत नाही. फलटणच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या कुटुंबाला ती वाटेत मिळाली, आणि तीही ऐन अडचणीच्या वेळी.

गाडीत पाच जण होते. व्यापारी, त्यांची पत्नी, नववीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. आजींचा रात्रिभोजनत्याग पन्नास वर्षांचा. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधी, त्यांचे जेवण आटोपते. त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही. त्यात अलीकडे मधुमेहाची गोळी सुरू झालेली.

“आई, घाटातले रस्ते आहेत. तुझ्या वेळा सांभाळता आल्या नाहीत तर काय करायचे?” असे मुलाने निघण्यापूर्वी दोनदा विचारले होते.

“माझ्या वेळेची काळजी तू करू नकोस. सूर्य सगळीकडे मावळतोच ना?” एवढेच त्या म्हणाल्या.

गोरखपूरहून गाडी सोनौलीच्या सीमेवर आली. पलीकडच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे नेपाळच्या जकात कचेरीत, जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून गाडीचा परवाना घेतला. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात, हा हिशेब मुलीने पहिल्याच दुकानात तोंडपाठ केला. लुंबिनीला अशोकाचा स्तंभ आणि मायादेवीचे मंदिर पाहिले. भगवान महावीर आणि गौतम बुद्ध समकालीन. ज्या काळात मगधात आणि वैशालीत अहिंसेचा उपदेश पायी हिंडत होता त्याच काळाची ती भूमी, म्हणून आजी तेथे बराच वेळ बसून राहिल्या. पुढे पाल्पाच्या घाटाने पोखरा गाठले. पहाटे सारंगकोटवरून माछापुच्छ्रे शिखरावर पहिले ऊन पडताना दिसले. ६,९९३ मीटर उंचीच्या या शिखराला तेथील लोक पवित्र मानतात, म्हणून त्यावर चढाईची परवानगी दिली जात नाही.

त्या दिवशी पोखऱ्याहून काठमांडूला जायचे होते. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. सूनबाईंनी पहाटे उठून खोलीतल्या छोट्या शेगडीवर ज्वारीच्या भाकरी आणि मुगाची कोरडी उसळ केली, आजींसाठी पाणी गाळून घेतले. दुपारी बारापर्यंत काठमांडूत पोहोचू या हिशेबाने जेवणाची पिशवी इतर सामानाबरोबर गाडीच्या टपावर, ताडपत्रीखाली बांधली गेली.

पृथ्वी राजमार्गावर रुंदीकरणाचे काम चालू होते. मुग्लिनच्या पुढे, त्रिशूली नदीच्या काठाने जाताना वाहनांची रांग लागली आणि मलेखूच्या अलीकडे ती जागीच थांबली. मलेखू तळलेल्या माशांसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक दुकानात कढई चढलेली. आजींनी काच वर केली आणि पदर नाकाला लावला. सकाळी सातला खाल्लेल्या लाह्या आणि दुधावर त्या बसून होत्या.

व्यापाऱ्यांच्या मनगटावरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते. “अजून पुष्कळ वेळ आहे, आई. सूर्यास्त सहाच्या सुमाराला. सव्वापाचपर्यंत काठमांडू नाही तरी एखादे चांगले ठिकाण मिळेल.”

सूनबाई मात्र समोरच्या डोंगरावरची सावली पाहत होत्या. ती भराभर वर चढत होती. “अहो, फलटणला साडेतीनला ऊन असे असते का?” त्यांनी विचारले. मुलाने मोबाईल काढून पाहिले. त्या दिवशी तेथील सूर्यास्त पाच वाजून दहा मिनिटांनी होता, तोही नेपाळी वेळेप्रमाणे. नेपाळचे घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटे पुढे. बाबांचे घड्याळ अजून फलटणचेच होते! दोन घटका वजा करता आजींच्या हातात जेमतेम सदतीस मिनिटे उरत होती.

हे असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरलेली. फलटण त्याच्या पश्चिमेला आहे, काठमांडू पूर्वेला. दोहोंत सुमारे अकरा रेखांशांचे अंतर, आणि एका रेखांशामागे सूर्याला चार मिनिटे लागतात. म्हणजे नुसत्या रेखांशाने पाऊण तासाचा फरक पडतो. शिवाय हिवाळ्यात जितके उत्तरेकडे जावे तितका दिवस लहान होतो. दोन्ही मिळून नोव्हेंबरच्या मध्यात तेथे सूर्य फलटणपेक्षा जवळजवळ एक तास आधी मावळतो. अन्नाचा शोध हॉटेलांच्या यादीतून घेता येतो, सूर्याचा हिशेब मात्र नकाशावरून करावा लागतो.

टपावरच्या दोऱ्या सोडायला बापलेक चढले. आजी गाडीतून उतरल्या. माशांच्या वासात बसून जेवणे त्यांना शक्य नव्हते, आणि रस्त्याला दुसरी जागा नव्हती. गोळीमुळे हात किंचित थरथरू लागले होते. सून म्हणाली, “आई, आज वेळेचा आग्रह धरू नका. प्रकृतीसाठी व्रतात सवलत असतेच.” आजी म्हणाल्या, “सवलत अगदी शेवटी घ्यायची असते, बाई. अजून अर्धा तास आहे.”

चढावर थोड्या अंतरावर मातीने सारवलेले एक घर होते. दारात उभी असलेली बाई हा सगळा गोंधळ पाहत होती. तिने हाक मारली, “आमा, भित्र आउनुस्.” आई, आत या. भाषा कळली नाही तरी हाक कळली. तिने ओसरीवर गुंदरी, म्हणजे गवताची चटई, अंथरली. तांब्याच्या गाग्रीतले पाणी आजींनी आपल्या फडक्याने गाळलेले पाहून ती हसली आणि ते पाणी चुलीवर उकळून आणून दिले. डबा आला तेव्हा चार वाजत आले होते. आजींनी भाकरी-उसळ खाल्ली. त्या बाईने अंगणातल्या झाडाची संत्री तोडून आणली, तीही खाल्ली. चार वाजून वीस मिनिटांनी त्यांनी हात जोडून आहारपाण्याचा त्याग केला. पैसे त्या बाईने घेतले नाहीत. आजींनी शेंगदाण्याच्या लाडवांचा अख्खा डबा तिच्या मुलांपुढे ठेवला. वाहने हलली तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते.

दुसऱ्या दिवशी काठमांडूच्या कमलपोखरी भागातील जैन मंदिरात दर्शन झाले. तेथे भेटलेल्या एका वृद्ध व्यापाऱ्याने आजींना सांगितले, की श्वेतांबर परंपरेनुसार आचार्य भद्रबाहू याच नेपाळात महाप्राण ध्यानाच्या साधनेत होते आणि पूर्वांचे ज्ञान घेण्यासाठी स्थूलभद्र मुनी येथे आले. आजींना भद्रबाहू ठाऊक होते ते श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरच्या गुहेतले, दुष्काळात संघ घेऊन दक्षिणेत आलेले. काठमांडूच्या नैर्ऋत्येला जो डोंगर उभा आहे त्याचेही नाव चंद्रगिरीच, हे ऐकून त्यांना मौज वाटली. नावाचा हा केवळ योगायोग. पण दोन्ही परंपरांनी एकाच श्रुतकेवलींची आठवण इतक्या लांबच्या दोन टोकांना जपली, हे त्यांनी मुलांना आवर्जून सांगितले.

भक्तपूरला पाच मजली न्यातपोल मंदिर पाहिले. १७०२ मध्ये बांधलेले हे मंदिर २०१५ च्या भूकंपातही उभे राहिले. तेथील जुजु धौ, म्हणजे ‘दह्यांचा राजा’, मातीच्या भांड्यात लावतात. आजींनी आधी ते कधी लावले याची चौकशी केली. काल रात्रीचे आहे असे कळल्यावर त्यांनी ते घेतले, पण द्विदल होऊ नये म्हणून डाळीच्या जेवणाशी गाठ पडू दिली नाही. पुढे पूर्वेकडील विराटनगरात मुक्काम झाला. आचार्य महाश्रमणांचा २०१५ चा चातुर्मास याच शहरात झाला होता. जे अंतर गाडीने कापताना आपण थकतो ते साधू-साध्वी पायी चालून आले, हे मुलीला तेथे पहिल्यांदा उमगले.

काकरभिट्टा, सिलिगुडी, जयगाव असे करत गाडी भूतानच्या फुंटशोलिंगला पोहोचली. येथे भारतीयांना पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागते, आधारकार्ड चालत नाही, मुलांसाठी जन्मदाखला न्यावा. माणशी दर रात्री १,२०० रुपये शुल्क आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. येथील घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे. आता मुलाने वहीत रोजच्या मुक्कामाचा सूर्योदय, सूर्यास्त आणि आजींची वेळ असे तीन रकाने आखले होते.

दोचुला खिंडीतले १०८ स्तूप, पुनाखाला फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा प्रचंड जोंग, पारोच्या कड्यावरचा तक्त्संग मठ, सारे पाहून झाले. लाल तांदळाचा भात आणि मिरच्या-चीजची एमा दात्शी हे तेथील रोजचे जेवण. मिरची तोंडी लावणे म्हणून नव्हे, भाजी म्हणून! कांदा-लसूण टाळायला आधी सांगावे लागते, सांगितले की बहुतेक ठिकाणी ऐकतात. थिंफूच्या बाजारात मात्र वाळवलेले मांस टांगलेले दिसले आणि मुलगा म्हणाला, “आजी, हे स्वतःला बुद्धाचे म्हणवतात आणि हे खातात? यांच्यापेक्षा आपण कितीतरी चांगले.”

आजींनी त्याला सांगितले, की या देशाच्या राज्यघटनेने साठ टक्के भूमी कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन घातले आहे, आणि वर्षातले दोन पवित्र महिने येथे मांसविक्री बंद असते. “आपण दुसऱ्याचे माप काढायला आलो नाही. आपला तराजू बघावा.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग आपल्या गोदामात किडे मारायच्या गोळ्या टाकतात, त्या कोणत्या पारड्यात?”

या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. व्यापारी पुढे चालू लागले, पण प्रश्न त्यांच्याबरोबर फलटणपर्यंत आला. भुसार व्यापार करणाऱ्या प्रत्येक श्रावकाच्या घरी तो कधी ना कधी येतो. धान्य नीट वाळवणे, साफ करणे, गरजेपुरतेच साठवणे या जुन्या रीतींनी त्याची धार थोडी कमी होते, संपत नाही.

पुढील दीपावलीला जी कुटुंबे या वाटेने निघतील त्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक मुक्कामाच्या सूर्यास्ताची नोंद घरूनच करून न्यावी. सीमा ओलांडताच घड्याळ बदलावे. आणि त्या दिवसाचा डबा टपावर कधीही बांधू नये, तो मांडीवर असावा. मधुमेह असलेल्यांनी व्रतासंबंधी वैद्यांशी आणि गुरूंशी आधीच बोलून घ्यावे.

फलटणच्या त्या पेढीवर आता अष्टमी-चतुर्दशीला सायंकाळी पाच वाजता घरून डबा येतो. मालक काट्याजवळच बसून जेवतात. गल्ल्याच्या काचेखाली मुलाच्या वहीतले पान आहे. त्यावर फलटणचा रकाना नंतर जोडलेला, वेगळ्या शाईत.